तीनशे दहा रुपयांत किती बाप येतात?

आमच्या केबलच्या पॅकचं महिन्याचं बिल ३१० रुपये. २०१९ पासून बिलात नेटवर्कचे म्हणून १३० रुपये वेगळे दिसायला लागले, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे नुसते तार घरात आल्याचे. वाहिन्यांचे पैसे त्याच्यापुढं. केबलवाल्याचं नाव लिहीत नाही. तो गल्लीतलाच आहे, आणि उद्या चित्र अडकलं की त्यालाच हाक मारायची आहे.

हे पॅक घ्यावं का, असं भाचीनं विचारलं होतं. तिला फोनवर सांगायला गेले आणि बोलणं भलतीकडंच गेलं. म्हणून आता नीट लिहिते.

आधी घर सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, अशोक चौकापासून चालत दहा मिनिटं. बाहेरच्या खोलीत माझी चार शिलाई मशिनं आहेत. शाळेच्या गणवेशाचे कापलेले तुकडे कारखान्यातून येतात, आम्ही शिवून देतो. टीव्ही त्याच खोलीत, भिंतीवर. समोरच्या खुर्चीत माझे वडील, अण्णा. वय ७६. मांडीवर शर्टांचा ढीग आणि हातात छोटी कात्री. शिवून झालेल्या शर्टाचे लोंबते धागे कापायचं काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलंय. संध्याकाळी सात ते साडेनऊ ते धागे कापतात आणि मालिका बघतात. नुसत्या बघतात. ऐकू येत नाही.

अण्णांनी ३९ वर्षं यंत्रमागावर काढली. चादरीचे जेकॉर्ड माग, म्हणजे नक्षी विणणारे. एका शेडमध्ये सगळे माग एकदम चालू असले की आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं आदळायचा तो आवाज भिंतीतून पायात यायचा. शेजारच्या मागावरच्या माणसाशी बोलायचं तर ओठांनी बोलायचं आणि ओठांवरूनच समजून घ्यायचं. शेवटी तो आवाज कानात कायमचा राहायला आला आणि बाकीचे सगळे आवाज दाराबाहेर राहिले. कानाचं मशीन घेतलं होतं. ते शिट्टी मारतं म्हणून बिस्किटाच्या डब्यात ठेवलंय. ओठ वाचायची सवय मात्र गेली नाही.

त्यामुळं अण्णांवर व्हायोलिन चालत नाही. ढॅण ढॅण ढॅण करून तीनदा तोच चेहरा दाखवला तर त्यांना वाटतं केबल अडकली. त्यांना पडद्यावर दोनच गोष्टी दिसतात, माणसाचं तोंड आणि माणसाचे हात. आणि गेल्या दहा महिन्यांत या पॅकमधल्या जवळजवळ प्रत्येक बापाबद्दल त्यांनी एकच वाक्य म्हटलंय.

"ह्याचे हात बघ. ह्यो काय करलालाय कामाला?"

तर आधी पॅकचं सांगून टाकते. चित्र दिवसा स्वच्छ. रात्री आठच्या सुमाराला, म्हणजे सगळी गल्ली टीव्हीसमोर बसली की, चौकोन चौकोन पडतात. पाऊस नसला तरी पडतात. केबलचा पोरगा म्हणतो, "काकू, वरूनच प्रॉब्लेम आहे." वर म्हणजे कुठं ते मी अजून शोधतेय. बॉक्स बंद करून दहा आकडे मोजून चालू केला की येतं. रिमोट दणकट आहे, अण्णांनी त्याला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर लावलंय म्हणून जास्तच. बिल फोनवरून भरता येतं, पावती कधी येते कधी नाही.

खरी तक्रार वेगळी आहे. आमच्या घरी लागणाऱ्या एकाही मराठी मालिकेखाली मराठीत अक्षरं येत नाहीत. इंग्रजी सिनेमाला येतात, इंग्रजीतली. माणूस मराठी, मालिका मराठी, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी एक ओळ नाही. ज्या गावात निम्म्या म्हाताऱ्यांचे कान मागानं खाल्लेत तिथं हे कुणाच्या डोक्यात येऊ नये? अण्णा वाचतात, सावकाश, पण वाचतात. जाहिरातींचं तर विचारू नका. अर्ध्या हिंदीत केलेल्या, वर मराठी आवाज चिकटवलेला. ओठ एक म्हणतात, आवाज दुसरंच म्हणतो. अण्णांना आवाज नाहीच, फक्त ओठ. त्यांना जाहिरातीतला बाप हिंदी बोलताना दिसतो आणि ते मला विचारतात, ह्यो आपल्यातला आहे का नाही?

आता बाप.

या पॅकमध्ये सगळ्यात जास्त भरलेला बाप सोफ्यावरचा आहे. सकाळ असो, रात्र असो, तो दिवाणखान्यात. इस्त्रीचा कुर्ता, हातात पेपर किंवा चहाचा कप, आणि कपात चहा नसतो हे अण्णा उचलण्यावरून ओळखतात. "भरलेला कप असा धरत नाहीत." हा बाप मोठा उद्योगपती असतो असं बाकीचे लोक सांगतात. काय बनवतो, कुणाला विकतो, उधारी किती थकलीय, काही नाही. ऑफिसला एकदा फोन करतो, "मीटिंग कॅन्सल करा." माझ्याकडं चार मशिनं आहेत तर मला दिवसातून वीस फोन येतात, आणि मी कधी काही कॅन्सल करू शकले नाही.

हे असं का, याचा मी मशीन चालवता चालवता विचार केलाय. रोजची मालिका आठवड्याला सहा दिवस दाखवायची तर चित्रीकरणही रोजचंच. एक बंगला उभा केला की सगळं त्यातच उरकायचं. बापाला कामावर दाखवायचं तर कामाची जागा उभी करावी लागते, माणसं लागतात, बाहेर जावं लागतं, आणि खर्च वाढतो. मागाच्या शेडमध्ये तर संवादच ऐकू येणार नाहीत. म्हणून मग बाप घरी. आणि घरात तर गोष्ट सासू-सुनांची असते, त्याला तिथं काम काय? पेपर वाचायचा आणि भागाच्या शेवटी "हे काय चाललंय?" म्हणायचं. सोफ्यासारखाच तोही सेटचा भाग.

दुसरा छातीवर हात ठेवणारा. हा फार जुना आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं १९८७ चं रामायण पुन्हा लावलं तेव्हा आमच्या घरात सगळे एकत्र बसले होते, गिऱ्हाईक नाही, काम नाही. दशरथ झालेले बाळ धुरी आणि कौसल्या झालेल्या जयश्री गडकर, खऱ्या आयुष्यातलेही नवरा-बायको, दोघंही मराठी. अण्णांना ते माहीत होतं आणि ते ओठांकडं निरखून बघत होते, ही दोघं मधेच मराठी बोलतात का ते. दशरथ रडला, कोसळला, गेला. मला तेव्हा वाटलं, टीव्हीवरच्या बापाला तिथून पुढं दुसरं काही शिकवलंच नाही. मुलाचं काही बिनसलं की छातीवर हात, जिन्यावर तोल आणि शुक्रवारचा भाग संपला. राजाला ते शोभतं. ज्याला दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जायचंय त्यानं कोसळून कसं चालेल?

तिसरा वाईट बाप. आई कुठे काय करते ही मालिका २०१९ ते २०२४ आमच्या मशिनांसोबत चालली. त्यातला अनिरुद्ध, तीन मुलांचा बाप, बाहेर प्रकरण, वर पुन्हा तोच तोऱ्यात. माझ्याकडं शिवायला येणाऱ्या दोघी त्याला रोज शिव्या घालायच्या, एक तर पडद्याकडं बघून टिकल्या फेकायची. मिलिंद गवळींनी काम चोख केलं म्हणूनच ना. मला अनिरुद्धबद्दल तक्रार नाही, असे असतातच. माझं लक्ष नावावर अडकलं होतं. आई कुठे काय करते हा प्रश्न घराघरात विचारला जातो, म्हणून त्याची मालिका झाली. बाप कुठे काय करतो, हे कुणी विचारतच नाही. तो बाहेर जातो म्हणजे काहीतरी करत असणारच. काय करतो ते आम्हालाही माहीत नव्हतं. मी सातवीत असताना पहिल्यांदा डबा द्यायला शेडमध्ये गेले, तेव्हा मला माझा बाप ओळखूच आला नाही. केसांवर, भुवयांवर, कानावर पांढरी रुई. मला वाटलं कुणी म्हातारा आहे. त्यानं ओठांनीच विचारलं, आईनं काय दिलंय?

चांगलाही बाप होता टीव्हीवर, नाही असं नाही. श्रीयुत गंगाधर टिपरे मधला शेखर. सगळे आबांचं, म्हणजे दिलीप प्रभावळकरांचं कौतुक करतात, आणि ते बरोबरच आहे. पण राजन भिसेंचा शेखर मला जास्त आवडायचा. कामावरून दमून घरी येणारा, बायकोचं ऐकणारा, पोरांवर चिडणारा आणि दहा मिनिटांनी विसरणारा. ना देव, ना राक्षस. वीस-बावीस वर्षं झाली, त्याच्या जागी कुणी आलं नाही. आता तसा बाप लिहिला तर म्हणे गोष्ट पुढं सरकत नाही.

केबलमध्ये जो बाप मावत नाही तो माझ्या मुलाच्या फोनमध्ये आहे. रील. त्यात बापाची चप्पल कायम फाटकी असते आणि बनियनला भोकं असतात. मुलाला नवे बूट, बापाच्या चपलेला खिळा, मागं सनई आणि वर मोठ्या अक्षरात वाक्य. जूनचा तिसरा रविवार आला की ही रील स्टेटसला एवढी येतात की फोन गरम होतो. पोरानं एकदा कौतुकानं आजोबांना दाखवली. अण्णांनी पूर्ण बघितली, परत बघितली, आणि म्हणाले, "मी चपला वेळेवर घेत होतो की बे. मागावर पाय घट्ट नको व्हय?"

पोरगा हिरमुसला. मला हसू आलं, पण नंतर जरा लागलंही. स्वतःकडं कधी न बघणारा बाप आपल्याला इतका आवडतो, की वेळेवर चप्पल घेणारा बाप आपल्याला कमी बाप वाटतो. आमचे हे एसटीत वाहक आहेत. रात्री दहाला येतात तेव्हा टीव्ही बंद झालेला असतो. पोरानं त्यांच्यासाठीही ते फाटक्या चपलेचं स्टेटस ठेवलं होतं. ते म्हणाले, अरे मला महामंडळ बूट देतं.

जाहिरातींत बाप सुधारत चाललाय, हे कबूल. एरियलची २०१६ ची ती जाहिरात फोनवर कुणीतरी पुन्हा पाठवली. मुलगी ऑफिसातून येते, फोनवर बोलत स्वयंपाक करते, पोराचं बघते, नवरा बसल्या जागी चहा मागतो, आणि कोपऱ्यात बसलेला तिचा बाप हे सगळं बघतो. तो मनातल्या मनात तिची माफी मागतो, की मी तुझ्या आईला कधी मदत केली नाही, तू तेच बघितलंस. घरी जाऊन स्वतःचे कपडे मशिनमध्ये टाकतो. मला रडू आलं, सुई थांबली. पण बापाचं बोलणं सगळं पत्रासारखं मागून ऐकू येणारं, ओठ हलतच नाहीत, म्हणजे अण्णांना काहीच कळायचं नाही. त्यांना दिसलं एवढंच, की एका म्हाताऱ्यानं बॅगेतून कपडे काढून मशिनमध्ये टाकले.

"ह्यात काय विशेष? तुझी आई विड्या वळत बसायची तवा कपडे कोण धूत होतं?"

खरंय. ते धुवायचे. सुट्टीच्या दिवशी, मोरीत, आणि दाराला आतून कडी लावून. शेजारी बघू नयेत म्हणून. ही कडी कुठल्या जाहिरातीत दाखवतील का कधी? धुणारा बाप दाखवतील, न धुणारा दाखवतील. धुणारा पण लाजणारा बाप तीस सेकंदांत बसायचा नाही.

एका संध्याकाळी मालिकेत लग्न होतं. लग्न म्हणजे तीन आठवडे. मुलीच्या बापानं डोक्यावरचा फेटा काढून व्याह्याच्या पायावर ठेवला. फेटा जरीचा, व्याही निर्दय, माझ्या दोघी कारागीर हमसून हमसून रडत होत्या. अण्णा कात्री खाली ठेवून उठले आणि आत गेले. मला वाटलं भरून आलं. मागोमाग गेले तर ते पाणी पीत होते. म्हणाले, पायावर फेटा ठेवला तर पोरीनं त्या घरात मान वर करून कसं राहायचं?

माझ्या लग्नात ते रडले नाहीत. मालकाकडं दोन दिवसांची सुट्टी मागितली, एक मिळाली. पंगती उठल्यावर भांडी मोजत बसले होते, भाड्याची होती म्हणून. मला तेव्हा त्याचा राग आला होता, मैत्रिणीच्या लग्नात तिचे वडील कसे ओक्साबोक्शी रडले होते. मग लग्नानंतर पहिल्या थंडीत ते सायकलवरून आले, मागं चादर बांधून. दुसऱ्या वर्षी दुसरी. अशा माझ्याकडं नऊ चादरी झाल्या, सगळ्या डिफेक्टच्या. विणताना कुठं दोष राहिला की ती चादर मालाबरोबर जात नाही, विणणाराच कमी पैशात घेऊन जातो. त्यातली एक, मोरांची, मी एकदा धुऊन वाळत घातली होती. अण्णांनी तिच्यावर बोट फिरवलं आणि मधल्या पट्टीवर थांबले. एका मोराला मान नव्हती.

"इथं डोळा लागला होता. पहाटेचे चार असतील."

तेव्हापासून मी सगळ्या चादरी उलगडून बघितल्या. नऊ चादरींत अकरा ठिकाणी माझा बाप झोपलाय.

सिनेमांचं एक चॅनेल पॅकमध्ये आहे, फुकटातलं. त्यावर एका दुपारी फँड्री लागला होता. नागराज मंजुळे आपल्या जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, म्हणून लावून ठेवला. अण्णा बसले. किशोर कदम त्यात बाप झालेत, कचरू. गावानं सांगितलं म्हणून डुकरं पकडायची, सगळा गाव बघायला उभा, हसतोय, आणि शाळेतल्या मुलांना दिसू नये म्हणून मुलगा तोंड लपवतोय. बाप त्याच्यावर खेकसतोय. त्या बापात आवडण्यासारखं काही ठेवलेलंच नाही, आणि तरी डोळा हलत नाही. कारण तो दोर धरतो तो रोज धरल्यासारखा. अण्णांच्या हातातला शर्ट तसाच राहिला. त्या दिवशी "काय करलालाय" विचारलं नाही. चित्रपट संपल्यावर स्वतःच्या हाताकडं बघून म्हणाले, "ह्येचं बरोबर आहे." दहा महिन्यांतलं एकमेव प्रमाणपत्र. तेही पॅकच्या पैशात नसलेल्या चॅनेलला.

तेव्हा भाचीला उत्तर असं. तुझ्या घरी सगळ्यांना ऐकू येत असेल तर घे, ३१० रुपयांत वाईट नाही, फक्त रात्री आठचा चौकोनांचा त्रास धरून चल. खेळाच्या वाहिन्या यात नाहीत. दोन मराठी वाहिन्या सुट्ट्या घेतल्या तर बिल बरंच खाली येतं, पण सुट्टं घेणाऱ्याकडं केबलचा पोरगा दोन दिवस उशिरा येतो. मी पुढच्या महिन्यात एक हिंदी वाहिनी काढणार आहे, कारण तिच्यावर साडेआठला जो बाप येतो तो गेले चार महिने कोमात आहे. एवढा वेळ कुणाचा बाप निजत नाही.

त्याच बापाचं परवा झालं. दवाखान्यातून त्याला म्हणे गावाकडच्या जुन्या घरी आणलं, औषध लागू पडेना म्हणून. गाव दाखवायचं, गरिबी दाखवायची, म्हणून मग खाट आणि खाटेवर सोलापुरी चादर. हे आम्ही ओळखून आहोत, बाप गरीब दाखवायचा असला की अंथरूण आमच्या गावचं असतं. मुलगी खाटेला धरून रडत होती, दिवा फडफडत होता, कॅमेरा बापाच्या मिटलेल्या डोळ्यांवर. दोघी कारागीर नाक पुसत होत्या. अण्णा उठले, टीव्हीच्या अगदी जवळ गेले, इतके की आम्हाला काही दिसेना. चष्मा वर केला. आमची चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, एका अंगाला जो रंग नक्षीचा तोच दुसऱ्या अंगाला जमिनीचा. बघणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्याच. विणणाऱ्याला सुलटी कळते.

"उलटी अंथरलीय," अण्णा म्हणाले, आणि खुर्चीत येऊन पुढचा शर्ट घेतला.